उजेडाची रास

परवा दुपारी गावात यंदाचा पहिला हडंबा सुरू झाला आणि माझं पत्रक अर्ध्यावर थांबलं.

हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं मळणीयंत्र. ट्रॅक्टरच्या मागं जोडलेलं, धुळीनं माखलेलं लोखंडी धूड. एका तोंडानं वाळलेली झाडं गिळतं, एका बाजूनं दाणे सोडतं आणि उरलेलं कुटार लांब भिरकावतं. त्याचा आवाज आधी माणसाला ऐकू येत नाही, घराला येतो. मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात, मग खिडकीची काच, मग आपल्या दाढा. कितीतरी वर्षं माझ्यासाठी हा नुसता आवाज होता, कटकटीचा. आता तो सुरू झाला की मी हातातलं काम सोडते आणि उगाच आमच्या टेकाडावरच्या खोलीपर्यंत जाऊन येते. खोलीत आता तुरीची कोठी आहे, फवारणीचा पंप आहे, पाली आहेत. पाहण्यासारखं काही नाही. तरी जाते.

हातातलं काम म्हणजे पत्रक. शेतीला दिवसा वीज द्या, हा विषय. इंझोरीपासून मानोऱ्यापर्यंत लोक मला पत्रकवाली म्हणतात. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मी तपासायला जात नाही. पत्रकाचं एक शास्त्र असतं. पहिल्या ओळीत गचांडी धरायची, दुसरीत जाब विचारायचा, तिसरीत शेजाऱ्यालाही ओढायचं. आश्चर्य वाटणं त्या शास्त्रात बसत नाही. आश्चर्य वाटलं की माणूस गप्प होतो, आणि गप्प माणूस मोर्च्याला येत नाही. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते पत्रक नाही, हे आधीच सांगते.

सोयाबीनच्या हंगामावर कोणी हळवं लिहीत नाही, हेही एकदा बोलून घेते. हुरड्यावर लिहितात. आंब्याच्या मोहरावर लिहितात. पारिजातकावर तर इतकं लिहून झालंय की त्या झाडालाच कंटाळा आला असेल. आणि ज्या पिकावर आमचा अख्खा जिल्हा जगतो, त्याच्या वाट्याला पेपरातली बाजारभावाची चौकट. का, तर त्याला वास नाही, रूप नाही, गाणं नाही. असं म्हणणाऱ्यांनी भाद्रपद संपता संपता आमच्या शिवारात येऊन पाहावं. हिरवं रान बघता बघता पिवळं पडतं, मग पानं गळतात आणि नुसत्या शेंगा उरतात, तांबूस, केसाळ. वारा आला की वावरभर खुळखुळा वाजतो. ऊन चढलं की शेंगा आपणहून तडकतात. कान दिला तर ऐकू येतं. सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, बायांच्या तळव्यांत त्या शेंगांची टोकं अशी रुततात की संध्याकाळी भाकर थापताना हात आखडतो. आणि मग धूळ. नाकात, घशात, चहात, पांघरुणात. गावातला प्रत्येक माणूस एकाच सुरात खोकतो. वास नाही म्हणे.

काही वर्षांमागं ह्याच धुळीत शीतलनं दोन आरसे समोरासमोर उभे केले.

शीतल माझी बारावीपासूनची मैत्रीण. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी, आणि परीक्षेत इंग्रजी. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे ते ऊन तापल्यावरच परत. ती थोरली, म्हणून धाकट्या भावंडांना घेऊन तांड्यावर मागं राहायची, आणि त्यातच एमएस्सी झाली. ह्याला लोक जिद्द म्हणतात, सत्कार करतात, नारळ देतात. मला त्या नारळाचा राग येतो. पुस्तक उघडायला एवढी जिद्द लागावीच का, हे सत्कारात कोणी विचारत नाही.

तर शीतल उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत शिकायला जाऊन आली आणि येताना एक लाकडी पेटी घेऊन आली. तिथल्या सरांनी तिला सांगितलं होतं की ह्या पेटीत लेसर आहे, भिंगं आहेत, आरसे आहेत. हे सगळं तुझ्या हातानं मांड, आरशांच्या मधल्या जागेशी लेसरचा झोत किती जुळतो ते मोज, आणि दिवाळीच्या आत आकडा घेऊन ये. नव्वद टक्क्यांच्या पुढं गेलीस तर संशोधनाची जागा तुझी. नाही जमलं तर पेटी परत. पेटी परत गेली असती आणि शीतल तांड्यावर गेली असती. धाकट्यांना सांभाळायला घरात कोणीतरी हवंच होतं, आणि एक स्थळही पाहून ठेवलेलं होतं. इतकं सरळ होतं ते.

तिनं आधी पेटी शेलूबाजारच्या एका कॉलेजात उघडली. बाजूनं महामार्ग. ट्रक गेला की सगळं हलायचं, आणि ट्रक जातच असतात. मग मी म्हटलं, आमच्याकडे आण. आमच्या शिवारात सगळी काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावरच्या भिंतीही श्वास घेतल्यासारख्या वरखाली होतात. पण आमची ही खोली टेकाडावर आहे, खाली पक्का मुरूम. बाबांनी कोठी बाहेर काढून दिली. हे कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा शीतल म्हणाली की उजेड मोजायचा आहे. बाबा म्हणाले, मोजा, पण जाताना दिवा बंद करत जा.

पहिल्यांदा ती मांडणी पाहिली तेव्हा मी हिरमुसले. लेसर म्हटल्यावर काहीतरी भव्य असेल असं वाटलं होतं. तर जाड लोखंडाचा पाट, त्याला ओळीनं भोकं. एका टोकाला लेसरची नळी, पुढं दोन भिंगं, आणि हातभर अंतरावर एकमेकांकडे तोंड करून उभे असलेले दोन आरसे, जुन्या रुपयाएवढे. मागं एक छोटा कॅमेरा आणि टीव्हीसारखे दोन पडदे. एवढंच. मी तोंड वाकडं केलेलं शीतलनं पाहिलं. तिनं झोतासमोर कागद धरला आणि सावकाश मागं नेत गेली. कागदावरचा लाल ठिपका बारीक होत गेला, अगदी सुईच्या टोकाएवढा झाला, आणि मग पुन्हा पसरायला लागला. मी इतके दिवस समजत होते की लेसर म्हणजे आखलेली रेघ. तिला तर कंबर होती.

मग तिनं मला आरशांचं सांगितलं, आणि ते मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. ते आरसे साधे नव्हते. त्यांच्यावर पडलेला उजेड ते जवळजवळ सगळा परत पाठवत. आत जायचा तो चिमूटभर. त्याच्यामागं दुसरा आरसा, तोही तसाच कंजूष. म्हणजे पलीकडे पोचायचा तो चिमटीतल्या चिमटीएवढा, नसल्यातच जमा. पण त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेला स्वतःचं एक माप असतं. आरसे किती खोलगट आहेत आणि एकमेकांपासून किती लांब आहेत ह्यावरून ते ठरतं. तिथं उजेड राहायला आलाच, तर तो अमुक ठिकाणी अमुक इतका बारीक होऊनच राहू शकतो. दिसायला तिथं काही नसतं, नुसती हवा. पण माप पक्कं. आता बाहेरचा झोत नेमक्या त्याच मापाचा, नेमक्या त्याच जागी कंबर घेऊन आला, आणि आरशांमधलं अंतरही त्याच्या चालीला बरोबर बसलं, तर आत गेलेली चिमूट फेरी मारून येते ती पुढच्या चिमटीच्या पावलावर पाऊल ठेवूनच. उजेडावर उजेड चढतो. साठतो. आणि पलीकडच्या आरशातून बाहेर पडतो, जवळजवळ सगळाच्या सगळा.

मी तिला तीनदा विचारलं. म्हणजे एक आरसा अडवतो? हो. आणि त्याच्यापुढं तसाच अडवणारा दुसरा उभा केला की दोघं मिळून वाट देतात? हो.

मी आंदोलनातली बाई. भिंत दिसली की पाडायची, एवढंच मला माहीत. त्या दिवशी घरी जाताना मी भिंतींकडे पाहत गेले. शाळेची भिंत, सोसायटीची भिंत, कचेरीची ती उंच भिंत जिच्यावर मी दोनदा घोषणा रंगवली आहे. म्हटलं, जगात अशाही दोन भिंती आहेत. आणि त्या माझ्याच बापाच्या खोलीत आहेत.

पण राग यायचाच होता, तो आला. ह्या सगळ्याला शीतल 'जुळवणं' म्हणायची, आणि त्या शब्दाचं आणि माझं जन्माचं वैर. आमच्याकडे मुलगी कळती झाल्यापासून तिच्या कानात हाच शब्द ओततात. जुळवून घे. सासूशी घे, भावाशी घे, बसमधल्या धक्क्यांशी घे. मी तिला म्हणाले, इथंही उजेडानंच जुळवून घ्यायचं का?

"तू त्याले बाई करून राह्यली," शीतल हसत म्हणाली. मग भिंगाच्या स्क्रूवरचा हात न काढता तिनं सांगितलं, "उजेडाले काही करा लागत नाही वो. आरशालेही नाही. जुळवाले मी आहे ना मधात."

एवढंच म्हणून ती पुन्हा पडद्याकडे वळली. मला मात्र ते वाक्य पुरलं. कितीक लग्नं पाहिली, कितीक तंटे मिटवायला बसले. दोघांपैकी कोणी वाकायचं ह्यावर रात्र सरते. मधे भिंग घेऊन उभं राहणं हेही कोणाचं तरी काम असू शकतं, असं त्या बैठकांत कोणी म्हटलेलं आठवत नाही.

मोजायची रीत अशी. एका आरशाच्या पाठीला एक चकती होती, वीज दिली की केसाच्या अंशाइतकी फुगणारी. ती आरशाला मागंपुढं करायची. तसं केलं की पडद्यावरच्या रेघेत मधूनच एक उंच शेंडा उभा राहायचा. तो जुळलेला उजेड. त्याच्या आजूबाजूला बुटके शेंडे. ते न जुळलेले. उंच शेंडा सगळ्यांच्या बेरजेत किती, तेवढं जुळलं. आणि दुसऱ्या पडद्यावर कॅमेऱ्यातून त्या उजेडाचा चेहराच दिसायचा. बरोबर जुळला तर गोल, भरीव ठिपका. झोत वाकडा शिरला असेल तर ठिपक्याचे दोन तुकडे, मधे काळी फट, जशी तुरीची डाळ. झोत सरळ पण माप चुकलेलं असेल तर मधे ठिपका आणि भोवती कडं, रांगोळीत काढतात तसं. तुकडे दिसले की आरशाचा स्क्रू फिरवायचा, कडं दिसलं की भिंग सरकवायचं.

मी तासन्‌तास ते पाहत बसायचे. आमच्याकडे चूक म्हणजे गोंधळ; कोणाची, कुठं, काही पत्ता लागत नाही, आणि चौकशी समिती बसते. इथं चुकीलासुद्धा नक्षी होती. काय चुकलंय ते ती स्वतःच रेखून दाखवत होती. न जुळलेला उजेडही वाया गेलेला नव्हता, मळका नव्हता, तो दुसऱ्याच कुठल्यातरी मापाचा सुंदर उजेड होता. ह्या खोलीला तो नको होता, इतकंच.

पावसाळाभर शीतल मोजत राहिली. खोली शांत होती, पण हात नवे होते. स्क्रू एवढासा फिरवला की ठिपका पार गायब. मग तो शोधण्यात दिवस. आकडा ऐंशीपर्यंत आला, त्याच्या थोडा पुढं गेला आणि तिथं अडला. ठिपक्याभोवतीचं कडं काही केल्या पुसलं जाईना. आणि ते पुसायची वेळ आली तेव्हा सोयाबीन पिकलं.

आमच्या टेकाडाच्या पायथ्याला शांताकाकूंचं खळं आहे. काकू नात्यातल्या नाहीत, पण आमच्याकडे शेजार हेच नातं. वावर त्याच पाहतात. पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांची सुडी, म्हणजे सोंगलेल्या सोयाबीनचा ढीग, खळ्यावर रचून तयार होती आणि शेलूबाजारहून रफिकभाई त्यांचा हडंबा घेऊन आले होते. तो सुरू झाला आणि वरच्या खोलीत पडद्यावरचे शेंडे नाचायला लागले. उंच कोणता, बुटका कोणता, काही कळेना. रात्री मोजू म्हटलं तर आभाळ भरून यायला लागल्यापासून मशीनं रात्रीही थांबत नव्हती. ट्रॅक्टरच्या दिव्यात चालायची. त्यात रात्रीची वीज, तिचा भरवसा मी पत्रकात लिहितेच. काकूंचं झालं की त्याच खळ्यावर पुढचे, मग त्यापुढचे. दिवाळी समोर दिसत होती.

मी सवयीप्रमाणे विचारलं, निवेदन कोणाला द्यायचं?

"सोयाबीनले दे," शीतल म्हणाली.

शेवटी ती स्वतः काकूंकडे गेली आणि म्हणाली की मोजताना थोडी शांतता मिळाली तर बरं होईल. काकूंनी लगेच मान हलवली. दुपारी आम्ही खोलीत होतो, तर दाराशी चपला काढल्याचा आवाज. काकू आत आल्या. त्यांच्यामागं सोंगणीच्या बाया, काकूंचे दीर, आणि आमचे बाबासुद्धा. सगळे अनवाणी. सगळे गप्प. भिंतीला पाठ लावून ओळीनं बसले, बायांनी तोंडाला पदर लावला आणि सगळे आरशांकडे पाहायला लागले. कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि ते दिवस खोकल्याचे होते. खाली रफिकभाईंचा माणूस हडंबा चालवतच होता.

त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. आमच्याकडे खळ्यावर रास मोजतात तेव्हा कोणी बोलत नाही. पायात चप्पल घालून खळ्यात शिरत नाहीत. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. मधे कोणी बोललं तर राशीची बरकत जाते. आता पायली गेली, वजनकाटा आला, कट्टे आले, तरी पहिला कट्टा काट्यावर चढला की अजून लाभच. मी स्वतः ह्या प्रथेची टर उडवत आले आहे. पण शीतल म्हणाली मोजायचं आहे, शांतता हवी. काकूंना कळलं ते इतकंच, आणि कळलं ते पूर्ण. मोजायचं आहे म्हणजे रास आहे. रास आहे म्हणजे गप्प बसायचं.

अडचण एवढीच की बंद खोलीत इतकी माणसं बसली की त्यांच्या श्वासानं आणि अंगाच्या उबेनं आरशांमधली हवा हलते. पडद्यावर ठिपका पाण्यात पडल्यासारखा डुलत होता. शीतलच्या डोळ्यांत हसू आणि पाणी एकदमच आलं. ती काकूंजवळ खाली बसली आणि सांगितलं की तुमच्या बोलण्यानं काही बिघडत नाही, काकू. बिघडतं ते खालच्या मशीननं. जमीन हलते, आरसे हलतात.

सगळ्यांनी दाराबाहेर पाहिलं. मंगरूळपीरच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं. सुडी अर्धी झाली होती, अर्धी उघड्यावर. सोयाबीन भिजलं की काय होतं ते त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. ही मागणी करायची नसते, इतकं तर मलाही कळत होतं. पत्रकात जगाला जाब विचारणारी मी तिथं भिंतीकडे पाहत उभी राहिले.

काकूंनी विचारलं, किती वेळ लागतो?

"अर्धा घंटा," शीतल म्हणाली. मग हळूच, "नाही जमलं तरी चालते, काकू."

काकू उठल्या. पायऱ्या उतरून खळ्यावर गेल्या. आम्ही दारातून पाहत होतो. त्यांनी हात वर केला तसा रफिकभाईंनी मशीनचा आवाज कमी केला आणि दोघांचं बोलणं वर ऐकू आलं. रफिकभाई म्हणत होते की आभाळ पाहा, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय, असं मधातच बंद करून कसं चालेल.

"रफिकभाऊ, रास मोजतानी तू मशीन चालू ठेवतो का?"

ते म्हणाले, नाही, पण रास कुठं मोजून राहिली अजून?

"पोरगी मोजून राह्यली वरतं," काकू म्हणाल्या. "बंद कर."

रफिकभाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा टेकाडाकडे. मग हडंबा थांबला, मागोमाग ट्रॅक्टर. शिवारातल्या दुसऱ्या दूरच्या मशीनचा भुंग्याएवढा आवाज तेवढा राहिला. वरची माणसं एकेक करून खाली उतरली आणि सुडीच्या कडेला बसली. तशीच गप्प.

मी आणि शीतल, दोघीच. पडद्यावरची रेघ पहिल्यांदा थरथरणं विसरली. उंच शेंडा उभा राहिला, आणि त्याच्या बाजूला तो बुटका, इतका स्पष्ट की हात लावता येईल. शीतलनं श्वास धरून दुसरं भिंग सरकवलं. सरकवलं म्हणजे काय, मला तर तिचं बोटही हललेलं दिसलं नाही. कॅमेऱ्यातलं कडं फिकट झालं. पुन्हा जरासं. आणखी फिकट. जशी चुलीवरच्या दुधावरची साय कडेनं आत सरकते, तसं ते कडं ठिपक्यात विरघळत गेलं आणि ठिपका उजळत गेला. दोन बंद दारं, मधे हवा, आणि सगळा उजेड पलीकडे. मी देवळात जात नाही. पण देवळात जाणाऱ्यांना काय होत असेल ते मला त्या खोलीत कळलं, आणि तिथं कोणाला काही मागायचं नव्हतं.

तिनं मोजलं. ब्याण्णव आलं. मी म्हटलं झालं, लिही पंच्याण्णव, कोण येतंय तपासायला.

"पत्रक नाही हे," ती म्हणाली.

आणि पुन्हा मोजलं. पुन्हा. कधी ब्याण्णव, कधी नव्वद, कधी एक्क्याण्णव. शेवटी तिनं लिहिलं की एक्क्याण्णव, एक इकडे किंवा एक तिकडे. त्या 'इकडे किंवा तिकडे'पुढं मी थक्क झाले. आयुष्य ज्या आकड्यावर टांगलेलं आहे, त्याच्याच शेजारी आपल्याला किती माहीत नाही तेही लिहून ठेवायचं. आमच्या चळवळीत असं लिहिलं तर लोक म्हणतील, ह्यांचाच विश्वास नाही. तिचा होता, म्हणून तर लिहिलं.

ती जागा तिला मिळाली. मुलाखतीत एकानं विचारलं म्हणे की तुमच्या भागात हे कसं काय जमलं. 'तुमच्या भागात' ह्या दोन शब्दांवर मी चार पानं लिहू शकते, आणि कधीतरी लिहीनच. शीतलनं मात्र शांतपणे सांगितलं की शेजारचं मळणीयंत्र अर्धा तास बंद होतं. आता ती जिथं काम करते तिथली टेबलं हवेवर तरंगतात, नळ्यांतून हवासुद्धा काढून घेतलेली असते. फोनवर ती मला म्हणाली, इथं कोणाले मशीन बंद कर म्हणा लागत नाही. मी म्हटलं, बरं आहे. ती म्हणाली, बरंच आहे.

काकूंच्या सुडीचा खालचा थर त्या संध्याकाळी भिजला. डागी सोयाबीन त्यांनी वेगळं भरलं. तो अर्धा तास मशीन सुरू राहिलं असतं तर तेवढं वाचलं असतं का, हे त्यांनी कधी काढलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, तू आपली वीज पाह्य. यंदाही त्यांचीच सुडी खळ्यावर पहिली लागली आहे.

पण मला त्या हंगामातलं सगळ्यात जास्त आठवतं ते आकडा लिहून झाल्यानंतरचं. शीतलनं दारातून हाक मारली की झालं. काकू वर आल्या, दाराशी चपला काढल्या, आणि जरा संकोचून म्हणाल्या की पाहू तर दे. शीतलनं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला. भरीव लाल ठिपका. काकूंनी खूप वेळ पाहिलं.

"एवढुसाच?"

"एवढाच, काकू."

"भरला ना पण," त्या म्हणाल्या. "मंग लावू का आता?"

शीतलनं मान हलवली. काकू खाली गेल्या. ट्रॅक्टर धडधडला, मग हडंबा, आणि पडद्यावरचा ठिपका उभा चिरला. शीतलचा हात बटणाकडे गेला होता, तो तिथंच राहिला. खाली बाया पेंढ्या टाकत होत्या. पेंढी मशीनच्या तोंडात गेली की ठिपका फाटायचा, दोन तुकडे, मग कडं, मग चार पाकळ्या, कधी न पाहिलेल्या नक्ष्या. मशीन रिकामं झालं की पुन्हा गोल व्हायचा, आणि पुन्हा पेंढी. दाराकडे आमची पाठ होती, तरी कोण जोरात टाकतंय, कोण दमलंय, सगळं कळत होतं. मोजायचं केव्हाच संपलं होतं. आम्ही काकूंचं सोयाबीन उजेडात पाहत बसलो, आणि पत्र्यावर थेंब वाजले तेव्हा दोघी ताडपत्री धरायला खाली पळालो.